सगुणाचे तळवे

आमच्या सासूबाई जवळजवळ दीड वर्ष दिवाळे गावभर सांगत फिरत होत्या, की खाडी मेली. भाजीवाल्याला सांगितलं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना सांगितलं, देवळासमोर गावाची बैठक भरली तेव्हा पदर खोचून उभ्या राहून सांगितलं. कंपन्यांनी पाणी सोडलं, कोणी गाळ उपसला, कोणी गटारं वळवली, आणि चिखलातल्या शिवल्या, म्हणजे तिसऱ्या, मेल्या. यातलं काहीच ऐकायला खोटं वाटत नाही. खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला असलं काही सांगितलं की तो लगेच मान डोलावतो. बैठकीतल्या पुरुषांनीही डोलावली. बायका मात्र खाली बघत बसल्या होत्या आणि एकही तोंड उघडत नव्हती. दिवाळ्यातल्या बायका गप्प बसल्यात म्हणजे काहीतरी आहे, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण मी सकाळी महाप्याच्या ऑफिसला जाणारी आणि संध्याकाळी डोकं दुखत परत येणारी बाई. मला खाडीतलं काय कळणार?

सासूबाईंचं नाव सगुणा. अंगाने सुकट, आवाजाने दणदणीत. घरात काही कमी नाही. जुन्या घराच्या जागी तीन मजले उभे आहेत, माझा नवरा रूपेश न्हावा शेव्याला कस्टमच्या कामात आहे. तरी ओहोटी सोयीची असली की बाई खाडीत. कशाला जाता विचारलं तर म्हणायच्या, तू ऑफिसात कशाला जातंस?

ज्यांनी शिवल्या नुसत्या ताटात बघितल्या आहेत त्यांना सांगते. त्या चिखलात पुरलेल्या असतात, वरून दिसत नाहीत. पाणी गुडघ्या-मांडीपर्यंत उतरलं की बायका आत शिरतात, प्लॅस्टिकचं घमेलं दोरीने कमरेला बांधून मागे तरंगत सोडतात, आणि पायाने शोधतात. तळवा चिखलावरून हळूहळू सरकवायचा. कडक लागलं की थांबायचं, वाकायचं, उचलायचं. सगळं कौशल्य तळव्याचं. सासूबाईंना नुसत्या पायाने कळायचं की हा दगड, ही रिकामी शिंपली, आणि ही जिवंत शिवली. उगाच वाकणं त्यांना ठाऊक नव्हतं. सुंदराबाई म्हणून त्यांची लहानपणापासूनची जोडीदारीण आहे, ती मला लग्नानंतर लगेच म्हणाली होती, की तुझ्या सासूच्या पायाला डोळे हायत. सासूबाई तेव्हा नको नको म्हणत इतक्या खूश झाल्या होत्या की मला दोनदा चहा करायला लावला.

साखरेचा आजार त्यांना बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, म्हणजे आम्ही समोर उभं राहिलो की चालू होत्या. मग पाय जळायला लागले. तळव्यांना निखारे लावल्यासारखं होतं म्हणायच्या. मुंग्या येत, पांघरूण अंगठ्याला लागलं तरी किंचाळत. दुपारी फरशीवर पाय चिकटवून बसत आणि फरशी गरम झाली की सरकत सरकत दुसऱ्या लादीवर जात. हे सगळं दोन वर्षं चाललं. आणि मग एकदम थांबलं.

थांबलं म्हणून घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी एकवीरा आईला नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले आणि स्वतःही खाल्ले. त्यांचा हिशोब सरळ होता. आग साखरेची होती, आग विझली, म्हणजे साखर गेली. गोळ्या त्यांनी डब्याच्या तळाशी ढकलल्या. मी भांडले. रूपेशने "आई, प्लीज" इतकंच म्हटलं, जे तो बोटीतून उतरलेल्या कंटेनरलाही म्हणत असेल. कंटेनर काय नि सासूबाई काय, दोघांच्याही कानावरून गेलं.

त्यानंतर काही महिन्यांतच खाडी मेली.

पूर्वी घमेलं भरून आणणाऱ्या सासूबाई तळ झाकेल इतक्या शिवल्या घेऊन यायला लागल्या. खाडीतून आल्या की चिडलेल्या. भाकरी थापताना एकेका कंपनीचं नाव घेऊन परातीवर हात आपटत. एका रविवारी मी बेलापूरच्या बाजारात गेले तर आमच्याच गावच्या बायका शिवल्यांचे ढीग लावून बसलेल्या. घरी येऊन सांगितलं, तर म्हणाल्या, तो माल उरणकडचा. मला पटलं. न पटायला काय होतं? घमेलं रिकामं यायचं हे मी रोज बघत होते.

मग तो शनिवार. मी घरी होते, कपडे घड्या घालत बसले होते. सासूबाई खाडीतून आल्या, बाहेरच्या नळाखाली पाय नुसते धरले, घमेलं काखेला मारून आत आल्या आणि स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. त्यांच्या चालण्याबरोबर एक आवाज येत होता. टक्. थोडं घासल्यासारखं. परत टक्.

"काय वाजतंय गो?" त्यांनी मलाच विचारलं.

मला वाटलं घमेल्यातून काही पडतंय. मी खाली बघितलं. त्यांच्या उजव्या पावलामागे हातभर तंगूस फरफटत येत होता. तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. त्याच्या टोकाला शिशाचा गोळा होता, तो लादीवर आपटत होता. आणि दुसरं टोक सासूबाईंच्या टाचेत होतं. गळ अख्खा आत गेला होता. नुसता दोरा बाहेर. मागे लादीवर ओली पावलं होती, आणि दर दुसरं पाऊल गुलाबी होतं.

सुट्टीच्या दिवशी टॉवरमधले हौशी लोक बंधाऱ्यावर गळ टाकायला येतात आणि अडकलेला दोरा तोडून निघून जातात. त्यांना मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण खरी भीती गळाची नव्हती. बाई खाडीतून घरापर्यंत तो गळ टाचेत घेऊन चालत आल्या होत्या, आणि मला विचारत होत्या, काय वाजतंय.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाय वर करून दाखवला. त्या बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो हातात धरला आणि हलकेच ओढला. कातडी ताणली गेली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

दवाखान्यात गळ काढला, इंजेक्शन दिलं. मला वाटलं सुटलो. पण डॉक्टरीणबाईंनी पाय सोडला नाही. त्या दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत राहिल्या. अंगठ्याच्या बुडाशी सासूबाईंना एक जाड घट्टा होता, जन्मभर अनवाणी चालण्याचा. तो त्यांनी दाबला, तर कडेने पू आला. आम्ही सगळे रोज त्या पायांना नमस्कार करून जाणारे, कोणाला पत्ता नव्हता. घट्टा कापला तेव्हा खाली खोल खड्डा होता. तो गळाचा नव्हता. कितीतरी आठवड्यांचा होता.

मग डॉक्टरांनी टेबलावरून एक लहानसा पांढरा दोरा उचलला, एका दांडीला लावलेला. सासूबाई म्हणाल्या, हा तर तंगूस. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, तसाच समजा. डोळे मिटा. मी पायाला हा लावीन. लागला की हो म्हणा.

सासूबाईंनी डोळे मिटले. देवासमोर बसतात तशा बसल्या. डॉक्टरांनी अंगठ्याला दोरा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. करंगळीला. चवड्याला, मध्ये, टाचेला. उजवा पाय झाला, डावा झाला. घोट्याच्या वर आल्यावर एकदा त्या हो म्हणाल्या, तेवढंच. डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

सासूबाई डोळे मिटूनच होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टर, पायाला कवा सुरू करनार?"

मी तोंड फिरवलं. रडू आलं होतं आणि राग आला होता, दोन्ही एकदम.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, आग होते. ती आग म्हणजे नस ओरडत असते. ओरडणं थांबलं म्हणजे ती बरी झाली असं नाही. बहुतेक वेळा तिच्यात ओरडायचंही बळ राहिलेलं नसतं. पेढ्यांचं मी सांगितलं नाही, पण डॉक्टरांना असले पेढे माहीत असावेत. गेलेली जाणीव बहुधा परत येणार नाही, त्या म्हणाल्या, पण आहे ती आणि पाय राखता येईल. साखर ताब्यात आणायची. रोज दोन्ही तळवे आरशात बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. घरातही चप्पल. गरम पाण्यात पाय घालायचे नाहीत, कारण भाजलं तरी कळणार नाही. आणि ही जखम भरेपर्यंत उजवं पाऊल जमिनीला टेकायचं नाही. एक्स-रेच्या फोटोत हाड अजून शाबूत दिसत होतं.

"चिखल तर दूरच," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आत्ता ही जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल. तिथे थांबेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

घरी परत आल्यावर दिवस कसे गेले ते मलाच माहीत. रूपेशचं एक जहाज अडकलं होतं, तो कधी येई, कधी नाही. मी घरून काम मागून घेतलं. सासूबाईंना गोळ्या दिल्या तर घेत, ड्रेसिंग करू देत, पण नजर चुकली की वॉकर सोडून भिंतीला धरून चालत. एकदा बाथरूममधून वाफ येताना दिसली. जाऊन बघते तर मिठाचं कढत पाणी बादलीत ओतून बाई पाय उचलून तयारीत. कोणा शेजारणीने सांगितलं होतं, मिठाच्या पाण्याने जखम सुकते. मी बादली पालथी केली आणि इतकी ओरडले की वरच्या भाडेकरूंनी टीव्ही बंद केला. रोज त्यांच्या तळव्याखाली आरसा धरून मी बघायची. कडा लाल आहेत का, वास येतो का, बोट काळं पडतंय का. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून त्यांच्या अंगठ्याचे फोटो बघत बसायची.

आणि हे सगळं होत असताना त्यांना स्वतःला काही पटलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच. दवाखान्यातला तंगूस बारीक होता, त्याने कोणाला काय कळणार? माझ्या पायाला खाडीत सगळं कळतं. शिवल्याच नाहीत तर पाय काय करणार? "खाडीत पाय घातला की कळंल, कोन मेलं ते," असं म्हणाल्या आणि कूस बदलली. मी ते रागातलं बोलणं समजून सोडून दिलं.

पुनवेच्या दुसऱ्या सकाळी उजाडता उजाडता उठले तर त्यांचं अंथरूण रिकामं. वॉकर तिथेच. दाराशी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा चुरगळा पडलेला. पुनवेला ओहोटी मोठी असते आणि ती भल्या सकाळी असते, हे या घरात येऊन मलाही पाठ झालं होतं. रूपेशला फोन लावला, तो बंदरात, लागला नाही. मी गाऊनवर ओढणी टाकून पळाले. गल्लीतून, सुकायला टाकलेल्या बोंबलांच्या परातींमधून, धक्क्याच्या पलीकडच्या बंधाऱ्याकडे. पाण्याचा पत्ता नव्हता, नुसता चिखल चमकत होता. तिवरांच्या झुडपांपलीकडे चार-पाच बायका आत उतरलेल्या दिसल्या. त्यांत सासूबाई असतील तर संपलं, एवढंच डोक्यात.

त्या अजून बंधाऱ्यावर होत्या. कडेच्या दगडावर बसून उजव्या पायाच्या बँडेजवर पिशव्या चढवून सुतळीने आवळत होत्या. घमेलं कमरेला बांधलेलं. शेजारी सुंदराबाई उभी, तिचाही चेहरा उतरलेला. ती समजावून थकली होती हे दिसत होतं.

मी दंड धरला. त्यांनी झटकला. मी म्हणाले, आई, पाय जाईल तुमचा. म्हणाल्या, जाऊ दे, पण आधी कळू दे. बाई अंगाने सुकट आहेत म्हटलं मी, पण चिखलात उभी हयात काढलेली बाई आहे. त्यांना ओढून नेणं माझ्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. खालच्या दगडांवर कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या, धारदार. सुतळीने आवळलेली पिशवी तिथे एक पाऊल टिकली नसती. त्या उठल्या, दगडाला धरून डावा पाय खाली सोडला. आता उजवा.

"सगुने, थांब," सुंदराबाई म्हणाली. "खाडी मेली नाय."

सासूबाईंनी मागे न बघताच विचारलं, तुला काय माहीत.

"तुझ्या घमेल्यात मीच टाकतंय. दीड वरीस जालं." ती एका दमात बोलून गेली. "तू पुढं असतंस, घमेलं तुझ्या मागं. मी त्याच्या मागं. तुझ्या पायाला एखादी शिवली गावते, धा सुटतात, त्या मी उचलतंय. मूठभर तुझ्यात, बाकी माझ्यात."

मला एका क्षणात सगळं कळलं: बाजारातले ढीग, बैठकीत खाली घातलेल्या माना. सगळ्या बायकांना ठाऊक होतं. सगळ्यांनी सगुणाची लाज राखली होती, आणि त्या लाज राखण्यात दीड वर्ष गेलं होतं. मला त्या सगळ्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

सासूबाई बंधाऱ्याच्या कडेला तशाच होत्या, एक पाय खाली, एक वर. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मना भीक घातलीस?"

"भीक कनची?" सुंदराबाई रडायला लागली. "तू रिकामी गेली असतीस तर दुसऱ्या दिवशी आली नसतीस. मना तुझ्याबिगर खाडीत भ्या वाटतं. पयल्यापासून वाटतं."

खाली एक बाई वाकून काहीतरी उचलत होती. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ती घमेल्यात टाकायची, परत वाकायची, परत टाकायची. मग सासूबाईंनी डावा पाय वर घेतला, दगडावर बसल्या आणि दोन्ही पावलं हातांनी उचलून मांडीखाली घेतली, जमिनीला लागणार नाहीत अशी. उन्हात, पावसात, दोन बाळंतपणांत जी बाई कोणाच्या हाताला टेकली नव्हती ती आम्हा दोघींना म्हणाली, "उचला मना."

आम्ही हातांची खुर्ची केली आणि त्यांना घरी आणलं. धापा टाकत, मध्ये तीनदा थांबत. त्यांनी आमच्या गळ्यात हात टाकले होते. बोंबील पसरणाऱ्या बायका उठून बाजूला होत होत्या.

अंगठा राहिला. तो राहील की नाही हे कितीतरी आठवडे नक्की नव्हतं. एकदा ताप चढला तेव्हा तर डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही काढून ठेवली होती. पण सासूबाईंनी त्यानंतर पाऊल टेकलं नाही, गोळी चुकवली नाही, आणि सकाळी आरसा मी विसरले तर हाक मारून मागायला लागल्या. जखम भरली. जाणीव परत आली नाही. सुंदराबाईशी त्या बरेच दिवस बोलल्या नाहीत. ती रोज येऊन दारात बसायची आणि उठून जायची. ती खाडीत जायची बंद झाली होती, हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. ते ऐकल्यावर सासूबाईंनी शिव्या देतच तिला आत बोलावलं.

आता ओहोटी असली की सासूबाई बंधाऱ्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. पायात मोजे आणि डॉक्टरांनी सांगितलेले बंद बूट, ज्यांचा त्यांना मनापासून राग आहे. सुंदराबाई खाली चिखलात. सासूबाई वरून सतत बोलत असतात. सुनेच्या तक्रारी, भाडेकरूंच्या भानगडी, कोणाच्या हळदीला कोण रुसलं, काहीही. आवाज दूरवर जातो, माझ्या नावासकट. मागच्या रविवारी मी त्यांना चहा द्यायला गेले होते. कप हातात घेऊन त्या घोट घेण्यापुरत्या थांबल्या. लांब तिवरांच्या अलीकडे सुंदराबाईने झटकन मान वर केली.

"हायस ना गो?" ती ओरडली.

सासूबाईंनी घोट गिळला.

"हाय," त्या म्हणाल्या.